शिवलेले खिसे

फुकटच्या नाष्ट्याला टीप ठेवायची की नाही, या विषयावर मी एके काळी तावातावाने बोलत असे. आमच्या पुण्याच्या ऑफिसात निम्मे लोक महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असतात, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत हॉटेलांच्याच गप्पा. एक सहकारी म्हणायचा, बिलच शून्य, तर शून्याचे दहा टक्के किती होतात ते सांगा. मी त्याला म्हणायचे, "इडली फुकट असेल, इडली आणणारा फुकट नाही." सगळे हसायचे. कार्डावर मिळालेला नाष्टा खाऊन ढेकर देत उठणाऱ्यांची मी नक्कल करून दाखवायची. या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवायची गरज नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आता हा विषय निघाला की मी पाण्याची बाटली भरायला उठते.

मी मूळची तंजावूरची. आमच्या घरात मराठीच बोलत, पण ती देवनागरीत लिहायला मी पुण्यात शिकले, कॉलेजसाठी आले तेव्हा. पुढे इथेच नोकरी, इथेच संसार. वडील गेल्यावर तिकडचं घर विकलं आणि आईला घेऊन आले. आमची कंपनी भाताच्या गिरण्यांना तांदूळ निवडायची यंत्रं विकते. काळा दाणा, तुटका दाणा, खडा, सगळं यंत्र डोळ्यासारखं बघतं आणि हवेच्या फुंकरीने उडवून देतं. तंजावूर, पापनाशम, तिरुवैयारु या पट्ट्यात गिरण्याच गिरण्या, आणि मला तमिळ येतं, म्हणून तो भाग माझ्याकडे आला. ज्या गावात जन्मले त्या गावात मी महिन्यातून तीन दिवस हॉटेलात उतरू लागले. एकाच हॉटेल-साखळीत इतक्या रात्री झाल्या, की त्यांनी मला सोनेरी कार्ड दिलं. त्या कार्डावर सकाळचा नाष्टा फुकट.

नाष्ट्याचा हॉल तळमजल्यावर, मागच्या बाजूला. कार्डवाल्यांना बिल येत नाही, नुसता खोलीचा नंबर सांगायचा. बिल नाही म्हणजे बिलाची वही नाही, आणि वही नाही म्हणजे टीप कुठे ठेवायची हा प्रश्नच. कोणी बशीखाली ठेवतात, कोणी हातात देतात, बरेचसे तसेच उठतात. तिथल्या कॅप्टनने, म्हणजे वाढप्यांवरच्या मुकादमाने, मला पहिल्याच महिन्यात आपली पद्धत सांगितली होती. टीप कोणालाही मिळो, ती त्याने कॅप्टनसमोर खोलीचा नंबर सांगून पेटीत टाकायची. शनिवारी पेटी उघडते आणि भांडी घासणारीपासून सगळ्यांना वाटा मिळतो. मला ती पद्धत फार आवडली. मी निघायच्या दिवशी बशीखाली एक बऱ्यापैकी मोठी नोट ठेवायचे. माझं टेबल खिडकीजवळचं. तिथे बहुतेक वेळा एकच वाढपी यायचे, पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, केस चापून बसवलेले. आमच्यात तमिळमध्ये "आणखी सांबार?" आणि "पुरे" यापलीकडे बोलणं नव्हतं.

एका निघायच्या सकाळी आईचा फोन आला. नोट मी आधीच बशीखाली सरकवली होती, अर्धी बाहेर दिसत होती. कॅप्टन त्याच वेळी टेबलाजवळून गेला आणि मान लववून हसला. मी फोनवर आईशी आमच्या घरच्या भाषेत बोलत होते, तंजावूरच्या मराठीत, जिच्यात 'हवं'ला 'होणा' म्हणतात. कुठलीशी मावशी, तिचा गुडघा, तिची सून. वाढपी कॉफी घेऊन आले, डबरा, म्हणजे पेल्याखालची खोलगट वाटी, टेबलावर ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"डोसा थंड होतंय, मा," ते म्हणाले. तमिळमध्ये नव्हे.

मी फोन कानावरून काढला. "तुम्मी अमचेच?"

"पश्चिम वीथी. अज्जापासून तिकडेच," ते म्हणाले. पश्चिम वीथी म्हणजे राजवाड्याच्या बाजूचा जुना रस्ता. आमचं विकलेलं घर तिथून तीन गल्ल्या पलीकडे होतं. त्यांना माझ्या वडिलांची शाळा माहीत होती, वडील मात्र माहीत नव्हते. तेवढंही खूप झालं. मी त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली ती त्याच मिनिटाला.

आणि त्याच मिनिटाला मी बशीखालची नोट काढून पर्समध्ये टाकली.

हे पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना विचित्र वाटतं. पण आमच्यात आपल्या माणसाच्या हातावर, तेही वडीलधाऱ्याच्या, वाढल्याबद्दल पैसा ठेवत नाहीत. कार्यात पंगत वाढणारे आमचेच लोक असत, काही अगदी गरीब. माझे वडील त्यांना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, देत, नारळ देत, दोन्ही हातांनी, वाकून. माझ्या एका काकांनी एकदा ऐट म्हणून वाढणाऱ्याच्या खिशात नोट कोंबली. त्या माणसाने पळी तिथेच ठेवली आणि तो न जेवता निघून गेला. काकांना त्याच्या घरी जाऊन माफी मागावी लागली. वडील म्हणायचे, पैसा परक्याला देतात, आपल्याला मान देतात. मी नोट उचलली ती या शिकवणीने. मामांनी ते पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं. रेल्वेत बसल्यावरसुद्धा मी माझ्यावर खूश होते.

पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्यासाठी पुण्याहून काही ना काही न्यायला लागले. पहिल्यांदा बाकरवडी नेली. त्यांनी पुडा दोन्ही हातांनी घेतला, डोळ्याला लावला आणि म्हणाले, "घरी मंडळीला मीठ नक्को म्हणून सांगितलंय. मी खाईन की."

असं मला त्यांच्या बायकोचं कळलं. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला जावं लागायचं, मामा तिला बसने नेत, चार तास बाहेर बाकावर बसत आणि बसने आणत. सकाळची पाळी त्यांनी त्यासाठीच मागून घेतली होती. खासगी इस्पितळाचा खर्च नोकरीवर मिळणाऱ्या औषधोपचाराच्या कार्डातून जायचा. सरकारी इस्पितळात नाव घातलं होतं, पण यादी तीन वर्षं लांब होती.

"हे काम आहे म्हणून कार्ड," ते कप पुसता पुसता म्हणाले. "कार्ड आहे म्हणून ती आहे. अजून तीन वर्षं मला कोण्णी काढलं नाही म्हणजे बस."

हे त्यांनी हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मी म्हटलं, तुम्हाला कोण काढणार, मामा. ते हसले आणि चटणी आणायला गेले.

नंतरचे चार-पाच महिने आठवले की मला माझ्याच डोळ्यांची चीड येते. काळा दाणा ओळखायचं यंत्र विकणारी बाई मी, आणि समोरचं काही दिसलं नाही. म्हणजे दिसत होतं सगळं. त्याचा अर्थ मी आपल्या सोयीने लावत होते.

एका महिन्यात मला दिसलं की सगळ्या वाढप्यांच्या शर्टांचे खिसे शिवून टाकलेत. वरच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याची ओळ. पँटचेही तसेच. मी मामांना गमतीने विचारलं, "रुमाल कुठे ठेवता आता?" ते म्हणाले, "हातात." मी हसले. त्यांच्या हातात खरंच रुमाल होता, घट्ट धरलेला.

त्याच्या पुढच्या महिन्यात भिंतीवरचा कॅमेरा बदलला होता. आधीचा दारावर होता, नवा बरोबर खिडकीच्या रांगेकडे तोंड करून. मला वाटलं, चोऱ्यामाऱ्या होत असतील. कॅप्टन आता पाण्याचा जग घेऊन माझ्या टेबलाजवळ रेंगाळायचा, ग्लास भरलेला असला तरी. मामा त्याच्यासमोर आमची भाषा बोलायचे थांबले. मी मराठीत काही विचारलं की ते तमिळमध्ये उत्तर द्यायचे, डोळे ताटावर ठेवून. मला राग आला. आपल्या भाषेची लाज वाटायला लागली का यांना, असं मनात आलं. मग मी मुद्दाम मोठ्याने मराठीत बोलू लागले. आपल्या भाषेचा झेंडा मी त्या हॉलात रोवत होते आणि त्याची काठी कोणाच्या पायावर पडतेय हे बघत नव्हते.

दीपावळीच्या आधी मी त्यांना वेष्टी नेली, कागदात गुंडाळून. त्यांनी ती पहिल्यांदाच घेतली नाही. "दारात सोडत नाहीत, मा. तपासतात." मी म्हटलं, तपासू देत, चोरीची आहे का? आणि पुडकं त्यांच्या ट्रेवर ठेवलं. डोसा-काउंटरवरची बाई तव्यावरून आमच्याकडे बघत होती. तिच्या हातातलं उलथनं तसंच होतं आणि डोसा करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला.

नाष्टा झाल्यावर भरायच्या कागदावर नवा प्रश्न आला होता. आमच्यापैकी कोणी आपल्याकडे पैसे मागितले का? मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं आणि खाली मामांच्या सेवेचं चार ओळी कौतुक केलं. त्यांचं नाव घालून, मुद्दाम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग ती मार्गशीर्षातली सकाळ, तिकडे त्या महिन्याला मार्गळी म्हणतात. बाहेर धुकं होतं, हॉलमध्ये मी आणि आणखी एक जोडपं. मामांनी इडली आणून ठेवली आणि ते गेले नाहीत. एक चमचा उचलून पुसला, ठेवला, पुन्हा उचलला. त्यांची दाढी त्या दिवशी नीट झालेली नव्हती. मी विचारलं, "काय झालं, मामा? मामी बऱ्या आहेत की?"

"आहे," ते म्हणाले. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, मला स्पष्ट दिसलं. मग ते म्हणाले, "कै नाही, मा. तुम्मी खा."

मी खाल्लं. कॉफी प्यायले आणि मॅनेजरचा निरोप आला, निघायच्या आधी दोन मिनिटं भेटाल का.

मॅनेजर चाळिशीचा, फार सभ्य. त्याने मला चहा विचारला, प्रवासाची चौकशी केली, माझं कार्ड आता वरच्या दर्जाचं व्हायला आलंय असं सांगितलं. मग हात टेबलावर जोडून म्हणाला, "मॅडम, आपल्यावर कसलाही संशय नाही. कार्डाच्या नाष्ट्याला बिल नसतं, त्यामुळे आमच्या लोकांचं काय चालतं ते आम्हाला कळत नाही. आपण त्या वाढप्याला काही देता का? हातात, किंवा टेबलावर?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे हा सगळा बंदोबस्त मामांसाठी होता. मी गुपचूप देते आणि ते गुपचूप खिशात घालतात, असा यांचा समज. माझं रक्त तापलं. एवढ्या दिवसांचे ते जग, ते कॅमेरे, ते खिसे, सगळं मला एकदम कळलं असं वाटलं. अर्धवट कळलेलं माणसाला किती शूर करतं.

"ओळख निघाल्यापासून एक रुपया नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"कधीच? इतक्या महिन्यांत?"

"ते आमच्यातले आहेत. आम्ही आपल्या माणसाला असे पैसे देत नाही. तो त्यांचा अपमान होतो." आणि मग मी त्याला दहा मिनिटं आमच्या चालीरीती समजावल्या. पंगत, वेष्टी, नारळ, काका, सगळं. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी त्याने दोन ओळी टाइप करून कागद माझ्यापुढे केला. ओळख झाल्यापासून आजवर या वाढप्यास मी कोणतीही रक्कम दिलेली नाही. मी सही केली. चांगली लफ्फेदार केली.

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला. "आम्हाला एवढंच हवं होतं."

बाहेर मामा हॉलच्या दाराशी ट्रे घेऊन उभे होते. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "काळजी करू नका, मामा. मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलात?"

"खरं ते. की ओळख निघाल्यापासून मी तुम्हाला एक पैसा दिला नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. दिवा काढून घेतलेला कोनाडा असतो तसा तो चेहरा रिकामा झाला. मग ते म्हणाले, "बेस केलात," आणि ट्रे घेऊन आत गेले. मला ते शाबासकीसारखं ऐकू आलं. म्हणजे ऐकू यावं अशी मी स्वतःवर सक्ती केली. पापनाशमच्या गिरणीत त्या दिवशी मी एकाच यंत्राची किंमत दोनदा चुकीची सांगितली.

पुढच्या महिन्यात माझ्या टेबलाशी दुसराच माणूस आला. मी मामांचं विचारलं, तर तो म्हणाला, माहीत नाही. कॅप्टन म्हणाला, सोडून गेले. मग मी डोसा-काउंटरशी जाऊन उभी राहिले. ती बाई तव्यावर पाणी शिंपडत म्हणाली, "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

तिने मान वर न करता सगळं सांगितलं. ज्या दिवशी मी नोट पर्समध्ये टाकली, त्या दिवशी मामा पेटीशी आले आणि माझ्या खोलीचा नंबर सांगून त्यांनी एक लहानशी नोट टाकली. मॅडमने दिली, म्हणाले. कॅप्टनने तर बशीखाली मोठी नोट पाहिली होती. तो तेव्हा गप्प बसला. नंतर दर महिन्याला माझ्या नंबरावर तेवढीच लहान नोट. पूर्वी मोठी यायची, मामांशी माझं गूळपीठ जमल्यापासून लहान येते, पुडकी दिली-घेतली जातात आणि दोघं कोणाला न कळणाऱ्या भाषेत बोलतात. बाकीच्यांचा वाटा हा खातो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मॅनेजरने मामांना विचारलं. ते म्हणाले, मॅडम देतात तेवढं मी टाकतो. मग मला विचारलं. मी सही करून दिली की ओळख निघाल्यापासून मी काहीच दिलं नाही.

"मग ते पैसे कोणाचे होते?" मी विचारलं. उत्तर मला कळलेलं होतं तरी विचारलं.

"कोणाचे असणार? त्यांचेच," ती म्हणाली. "शेवटी मॅनेजरला त्यांनी तसं सांगितलंही. पण स्वतःचे पैसे कोणी टिपेच्या पेटीत टाकतं का? मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि पाहुणा खोटा कसा असेल? दोन दिवसांत काढलं."

मी तशीच मॅनेजरकडे गेले. मी त्याला म्हटलं, माझी चूक झाली, मी देत होते, लहान नोट द्यायचे, विसरले होते. आयुष्यात इतकं वाईट खोटं मी बोलले नव्हते. त्याने माझं ऐकून घेतलं आणि खणातून तो कागद काढला. "मॅडम, ही आपलीच सही ना? मग मी कुठलं धरू?" तो अजूनही सभ्यच होता. माझं कार्ड वरच्या दर्जाचं झालं होतं, तेही त्याने त्याच बैठकीत माझ्या हातात ठेवलं.

डोसेवाल्या बाईने पत्ता दिला. पश्चिम वीथीच्या मागे दोन खोल्या, बाहेर सायकल. मामांनी दार उघडलं. मला बघून ते गोंधळले नाहीत. आत बोलावलं, चटई घातली. मामी खाटेवर होत्या, पाय सुजलेले, उजव्या दंडावर सुयांनी निळं-काळं झालेलं. मामांनी कॉफी केली. मी पेला चटईवर ठेवला.

"मला का नाही सांगितलं, मामा?"

"काय सांगू? मला पैसे दे म्हणून?" त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली. "तू मामा म्हणत होतीस. मामानी हात पसरायचं?"

"मग स्वतःचे का टाकलेत?"

त्यांनी मामींची उशी सारखी केली. मग म्हणाले, "तिकडे अस्क लोक, सगळेच, म्हणतील, रायर लोकांची मॅडम फुकट खाते, उठून जाते. मला तेच ऐकत दिवसभर उभं राहायचं. तुझं नाव गेलं म्हणजे अमचंच गेलं की." तिथले तमिळ लोक आम्हा मराठ्यांना रायर म्हणतात. जुन्या राज्याच्या दिवसांतला शब्द आहे.

ज्या माणसाचा मान राखायचा म्हणून मी नोट उचलली, तो माणूस माझा मान राखायला स्वतःच्या बायकोच्या औषधातले पैसे काढून पेटीत टाकत होता. आणि मी त्याला मॅनेजरच्या खोलीत खोटा पाडून आले होते, वर चालीरीतींवर भाषण देऊन. मला रडू आलं. मी पर्समधून पाकीट काढून चटईवर ठेवलं. येताना एटीएमवर थांबले होते. मामांनी ते बोटाने माझ्याकडे परत सरकवलं. मी पुन्हा ठेवलं. त्यांनी पुन्हा सरकवलं. मान हलवून ते म्हणाले, "कार्ड अजून थोडे महिने चालेल म्हणतात. मग बघू."

"बघू काय," खाटेवरून मामी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "तुम्हाला मान होणा. मला रगत होणा. इकडे दे, मा."

त्यांनी तोच हात पुढे केला. मी उठून पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उशीखाली ठेवलं आणि डोळे मिटले. मामा कॉफीची भांडी घेऊन मागे विसळायला गेले आणि मी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्यानंतर मी दर महिन्याला फोनवरून पैसे पाठवू लागले. मामी फोन करून मिळाले म्हणून सांगायच्या. मामा कधी फोनवर आले नाहीत. तंजावूरला मी आता दुसऱ्या हॉटेलात उतरते, बिल भरून खाते. त्या घरी पुन्हा गेले नाही. दोनदा रिक्षा त्या रस्त्याच्या तोंडाशी नेली आणि दोन्ही वेळा पुढे घ्यायला सांगितली. कार्ड संपल्याचं मामींनीच सांगितलं. सरकारी यादीत नंबर अजून यायचा होता. मग त्या म्हणाल्या, आठवड्याला एकदाच जातो, बसचा त्रास होतो. मला माहीत होतं की बसचा त्रास नव्हता. मी थोडे जास्त पाठवले. ते पुरणार नाहीत हेही मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. सगळे, जसेच्या तसे. मी तेव्हा तिरुवैयारूच्या गिरणीसाठी निघाले होते, हॉटेलच्या पायऱ्यांवर उभी होते. मी फोन लावला. मामांनी उचलला.

"मामी गेली, मा," ते म्हणाले. "गुरुवारी. अत्ता पाठवू नक्को."

मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. गाड्यांचा आवाज होता. मग त्यांनी, दारी आलेल्या कोणालाही नाष्टा झाला का असं तिकडे विचारतात तसं, विचारलं, "टिफीन झालं की?"

ते थोडे थांबले आणि मग त्यांनीच फोन ठेवला.